कुणी सांगितलं ते दोन शब्द लिहायला?

वह्या परत देतेय. घ्या, पहिलं पान उघडा आणि पेन खाली ठेवा. आज लिहून घ्यायचं नाही, ऐकायचं आहे.

पाच मसुदे करायला दिले होते. एका दुकानदाराच्या वतीने तडजोडीचं पत्र, न वटलेल्या चेकची नोटीस, घर सोडायची नोटीस दिलेल्या भाडेकरूकडून घेतलेल्या भाड्याची पावती, दावा काढून घेण्याची पुरशीस आणि करारातलं एक कलम. पाचही कागद वेगळ्या जातीचे. आणि वर्गातल्या बहुतेकांनी पाचही कागदांच्या माथ्यावर ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून, एकच गोष्ट लिहिली आहे: ‘विदाऊट प्रिज्युडिस’. का लिहिलं म्हणून विचारलं तर उत्तरं काय मिळाली? ‘मॅडम, सरांच्या ऑफिसात सगळ्याच पत्रांवर असतं.’ ‘लिहिलेलं बरं असतं.’ ‘सेफ असतं.’

सेफ कुणासाठी? कशापासून? एकालाही सांगता आलं नाही, आणि मला राग आलाय तो याचा. चुका करायला वर्ग आहेच. पण आपल्याला न कळलेली गोष्ट कळल्याच्या थाटात ठोकून द्यायची, ही सवय घेऊन तुम्ही सनद घ्यायला निघाला आहात. तान्ह्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात, तशी तुम्ही पत्राला हे शब्द लावता. कोर्ट तीट बघत नाही. ते पत्र वाचतं.

आधी इंग्रजीचं बोलू. कुणी ‘विदाऊट एनी प्रिज्युडिस’ लिहिलंय, कुणी ‘विदाऊट प्रिज्युडाइस्ड’, एका वहीत तर चक्क ‘प्रिज्युडिसेस’ असं अनेकवचन आहे. हा ठरलेला शब्दप्रयोग आहे. त्यात ‘एनी’ घुसडायचा नाही, त्याचं अनेकवचन करायचं नाही, क्रियापद करायचं नाही. वाक्याच्या पोटात वापरला तर पुढे ‘टू’ येतो: ‘विदाऊट प्रिज्युडिस टू माय क्लायंट्स राइट्स’. ‘ऑफ’ नाही, ‘फॉर’ नाही, ‘अगेन्स्ट’ तर मुळीच नाही. ‘अगेन्स्ट’ लिहिणाऱ्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसतंय. शाळेत प्रिज्युडिस म्हणजे पूर्वग्रह असं शिकलात, म्हणून ‘मनात आकस न ठेवता लिहितो’ असा अर्थ लावलात. इथे आकसाचा काही संबंध नाही. इथे बोलणं चाललंय ते हक्काला पोचणाऱ्या बाधेबद्दल. मराठी नोटिशीत ‘आमच्या हक्कांना बाधा न येता’ असं लिहितात, तेच हे. एवढं कळलं असतं तरी पुढचा प्रश्न आपोआप पडला असता: कोणता हक्क? त्याला बाधा कशामुळे येणार होती?

आता नीट लक्ष द्या. माथ्यावर एकटे उभे राहणारे हे दोन शब्द आणि वाक्यात ‘टू’ घेऊन येणारे हे दोन शब्द, यांची कामं वेगळी आहेत. माथ्यावरचे शब्द सांगतात की हे पत्र वाद मिटवायला लिहिलंय, मिटला नाही तर ते कोर्टापुढे ठेवायचं नाही. वाक्यातले शब्द सांगतात की मी आत्ता ही गोष्ट करतोय, पण म्हणून माझा अमुक हक्क मी सोडला असं समजू नका. पहिला कागद कोर्टापासून लांब ठेवायचा असतो. दुसरा वेळ आली की कोर्टात दाखवायचाच असतो. इतकी उलटी कामं, आणि तुम्ही दोन्हीकडे एकच शिक्का मारून मोकळे झालात.

पहिल्याचा कायदा कुठे आहे? भारतीय पुरावा कायदा १८७२, कलम २३. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हेच कलम २१ झालं. ते म्हणतं की दिवाणी प्रकरणात दिलेली कबुली दोन परिस्थितींत पुराव्यात घेता येत नाही. एक, ‘हिचा पुरावा द्यायचा नाही’ अशी स्पष्ट अट घालून ती दिली असेल तर. दोन, तसं दोन्ही बाजूंनी आपसांत ठरवलं होतं असं परिस्थितीवरून कोर्टाला वाटलं तर. ‘विदाऊट प्रिज्युडिस’ हे शब्द त्या कलमात कुठेच नाहीत. आज घरी जाऊन कलम उघडून बघा, माझ्या सांगण्यावर विसंबू नका. वकिलांनी ती अट थोडक्यात सांगण्यासाठी वापरलेले हे शब्द आहेत. म्हणजे संरक्षण मिळतं ते त्या अटीला आणि तिच्यामागच्या खऱ्या बोलण्यांना. शब्दांच्या अंगात काही नाही.

आणि हे संरक्षण कशासाठी दिलंय, तेही एकदा समजून घ्या, म्हणजे पुन्हा पाठ करावं लागणार नाही. ‘तीन लाख देतो, विषय संपवू’ असं म्हणणाऱ्या माणसाला उद्या कोर्टात ‘बघा, तीन लाखांचं देणं यानेच मान्य केलंय’ असं ऐकावं लागणार असेल, तर तो तोंड उघडेल का? मग प्रत्येक भांडण निकालापर्यंत जाईल, पिढ्यान्‌पिढ्या तारखा पडत राहतील. लोकांनी मोकळेपणाने बोलावं आणि वाद बाहेर मिटवावा, म्हणून कायद्याने त्यांच्या बोलण्यापुरता आडपडदा दिला. तो पडदा बोलण्यांसाठी आहे. जिथे बोलणीच नाहीत तिथे तो लटकवून उपयोग नाही.

इंग्लंडमधला एक खटला सांगते. बकिंगहॅमशर काउंटी कौन्सिल विरुद्ध मोरन. कौन्सिलने पुढे कधीतरी रस्ता वळवण्यासाठी म्हणून एक जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता. शेजारच्या घरवाल्याने तो आपल्या बागेत जोडून घेतला, फाटकाला साखळी-कुलूप घातलं आणि वहिवाटीने मालकी सांगितली. मधल्या काळात, १९७६ साली, त्याने कौन्सिलला एक पत्र लिहिलं होतं. माथ्यावर ‘विदाऊट प्रिज्युडिस’ होतंच. १९८९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने ते पत्र पुराव्यात घेतलं. का? तर त्यात तडजोडीचा काही प्रस्तावच नव्हता, त्याने फक्त आपला हक्क सांगितला होता. माथ्यावरच्या शब्दांकडे कोर्टाने पाहिलं आणि मग खाली काय लिहिलंय तेही पाहिलं. तुमच्या किती पत्रांचं असं होईल, विचार करा.

आता पहिला मसुदा काढा. तुमचा अशील किराणा मालाचा दुकानदार. घाऊक व्यापाऱ्याकडून ४ लाख ८० हजारांचा माल उचलला, त्यातली बरीच पोती भिजलेली निघाली, म्हणून त्याने पैसे अडवून धरले. मी स्पष्ट सांगितलं होतं: तो ३ लाखांत मिटवायला तयार आहे, पण कोर्टात जायची वेळ आली तर मागणी अमान्य करणार. यावर तुमच्यापैकी एकाचं पत्र असं आहे. माथ्यावर ते दोन शब्द. खाली: आमचे अशील आपले ४ लाख ८० हजार रुपये देणं लागतात हे त्यांना मान्य आहे, सध्या धंद्यात मंदी आहे, तरी सहा महिन्यांची मुदत द्यावी ही विनंती. खाली वकील म्हणून सही.

भिजलेली पोती कुठे गेली? वाद कुठे गेला? ३ लाख कुठे गेले? अशिलाने तुम्हाला जे सांगितलं त्यातलं एक अक्षर पत्रात नाही, आणि जे त्याने कधीच सांगितलं नाही ते तुम्ही त्याच्या तोंडी घालून मोकळे झालात. मुदत मागणं म्हणजे तडजोड नव्हे. देणं मान्य, रक्कम मान्य, फक्त पैसे नाहीत, असं म्हणणाऱ्याचा समोरच्याशी वाद कशाचा? ब्रॅडफर्ड अँड बिंग्ली विरुद्ध रशीद या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे २००६ मध्ये नेमका हा प्रश्न आला होता. कर्जदाराच्या वतीने एका सल्ला केंद्राने पत्रं लिहिली होती, त्यांत कर्ज नाकारलं नव्हतं, परतफेडीची अडचण सांगितली होती. देण्याबद्दल वादच नाही, मग तडजोडीच्या बोलण्यांचं संरक्षण कशाला लागू करायचं, हे त्या निकालातलं महत्त्वाचं कारण. ती पत्रं पुराव्यात आली आणि कबुली म्हणून चालली.

आणि कबुली चालली म्हणजे काय होतं, हे तुमच्या लक्षात तरी आलंय का? मुदतीचा कायदा १९६३, कलम १८. विकलेल्या मालाच्या पैशाच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत. ती संपायच्या आत देणेकऱ्याने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने सही करून लेखी कबुली दिली, की त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजायची. तुम्ही त्याचे वकील. सही तुमची. समजा तीन वर्षं भरायला महिना राहिला होता. तुमच्या या अर्ध्या पानाने समोरच्याला आणखी तीन वर्षं मिळू शकतात. पत्र वाचून व्यापाऱ्याचा वकील ते फाइलला जपून लावेल, आणि तुमच्या अशिलाला आपण काय गमावलं ते दावा आल्यावर कळेल. आणि हेच दुसऱ्या बाजूनेही खरं आहे. समजा व्यापाऱ्याच्या वकिलाने, मुदत संपत आली असताना, समोरून आलेलं ‘विदाऊट प्रिज्युडिस’ तडजोडीचं पत्र कबुली म्हणून धरलं आणि दावा लावायची घाई केली नाही. ते पत्र पुराव्यात आलंच नाही तर? खरी तडजोडीची बोलणी चालू असताना मुदत तुमच्यासाठी थांबून राहत नाही. दावा वेळेत लावा, बोलणी बाजूला चालू द्या.

बरोबर पत्र कसं असतं? माथ्यावर, पत्ता संपल्यावर आणि ‘सर’ म्हणण्याआधी, ते दोन शब्द. सहीच्या खाली नाही. तिथे ते वाचेपर्यंत समोरच्याने सगळं पत्र वाचलेलं असतं. पहिल्या परिच्छेदात वाद: माल अमुक तारखेला आला, अमुक पोती भिजलेली होती, म्हणून आपली मागणी मान्य नाही. दुसऱ्यात: कोणतंही देणं मान्य न करता, केवळ वाद संपावा म्हणून, आमचे अशील ३ लाख रुपये सगळ्या हिशेबापोटी द्यायला तयार आहेत. तिसऱ्यात: हा प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत खुला आहे, त्यानंतर संपला, आणि तो मान्य झाला नाही तर या पत्राचा आधार कोणत्याही दाव्यात घ्यायचा नाही. संपलं. मंदीची रडकथा नाही, उपकाराची भाषा नाही, ‘आमचे अशील सज्जन आहेत’ नाही. आणि ती अट शेवटी शब्दांत लिहिली म्हणजे, कलम २१ मधली ‘स्पष्ट अट’ कुठे आहे असं कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता येते.

तोंडी परीक्षेत कितीजणांनी मला सांगितलं की हे शब्द लिहिले की पत्र बांधील राहत नाही! कुठून आणलंत हे? समोरच्याने तुमचा ३ लाखांचा प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारला, की करार झाला. वॉकर विरुद्ध विल्शर या खटल्यात १८८९ सालीच इंग्लंडच्या न्यायाधीशांनी हे सांगून ठेवलंय: प्रस्ताव मान्य झाला तर पक्का करार होतो आणि मग ते पत्र उघड होतं. तेव्हा अशिलाला जेवढं द्यायचं नाही तेवढं ‘विदाऊट प्रिज्युडिस’ म्हणूनही लिहू नका.

एक जास्तीची गोष्ट सांगते, कारण तुमच्यातल्या दोघी लवादाच्या कामात जाणार आहेत. कॅल्डरबँक नावाचा घटस्फोटाचा खटला होता, १९७५ चा. त्यातून इंग्रजी वकिलीत एक सूत्र रूढ झालं: ‘विदाऊट प्रिज्युडिस सेव्ह अॅज टू कॉस्ट्स’. निकाल लागेपर्यंत प्रस्ताव झाकलेला राहतो. निकालानंतर खर्चाचा प्रश्न आला की तो उघडतो, म्हणजे वाजवी प्रस्ताव धुडकावून ज्याने सगळ्यांचा वेळ घालवला त्याच्यावर खर्च टाकता येतो. आपल्याकडे दिवाणी खर्च नाममात्र असायचे म्हणून या सूत्राकडे कुणी फिरकलं नाही. पण लवाद कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३१-ए आलं, आणि खर्च ठरवताना कुणी तडजोडीचा वाजवी प्रस्ताव दिला होता आणि समोरच्याने तो नाकारला का, हे बघायला सांगितलं. व्यावसायिक न्यायालयांतल्या दाव्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्येही तसाच बदल झाला. तिथे नुसतं ‘विदाऊट प्रिज्युडिस’ लिहून थांबाल, तर आपल्याच अशिलाचा प्रस्ताव खर्चाच्या वेळीही दाखवायला अडचण येईल. शेवटचे चार शब्द विसरू नका.

दुसरा मसुदा, चेकची नोटीस. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, कलम १३८. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करायची, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तरच गुन्हा पुरा होतो. तुमची सगळी केस त्या नोटिशीवर उभी. ती कोर्टात दाखल करायची, तिची पोच दाखल करायची, ती शपथेवर सिद्ध करायची. आणि तिच्याच माथ्यावर तुम्ही ‘हे कोर्टात दाखवायचं नाही’ असं लिहून ठेवलंत? नोटिशीत तडजोड नाही म्हणून कोर्ट ते शब्द बाजूला ठेवेल, हे खरं. पण उलटतपासात समोरच्याच्या हातात हत्यार आपणहून का द्यायचं?

आणि काहींनी त्याच नोटिशीत शेवटी लिहिलंय की सत्तर टक्के रक्कम दिल्यास आमचे अशील विषय संपवतील. मागणी चेकच्या रकमेचीच असावी लागते. ती किती आहे यावर शंका आली की केस ढिली पडते. शिवाय कलम २१ पुन्हा वाचा, त्याची सुरुवातच ‘दिवाणी प्रकरणांत’ अशी आहे. १३८ ची कारवाई फौजदारी. तिथे या दोन शब्दांवर भिस्त ठेवून अशिलाकडून काहीही लिहून घेऊ नका. नोटीस उघड, तडजोडीचं पत्र वेगळं. दोन कागद, दोन लिफाफे. एकाच कागदात दोन्ही घालायची ही सवय आजच सोडा.

हीच गोष्ट ईमेलची. काहींनी सहीच्या खाली आपोआप येणाऱ्या मजकुरात हे शब्द घालून ठेवलेत. म्हणजे ‘तारीख पुढच्या मंगळवारी आहे’ या मेललाही तेच, आणि ३ लाखांच्या प्रस्तावालाही तेच. उद्या कोर्टाने विचारलं की यातलं कोणतं पत्र तुम्ही खरोखर झाकून ठेवायचं ठरवलं होतं, तर काय दाखवाल? काढून टाका ते.

तिसरा मसुदा भाड्याची पावती, आणि इथे मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं, कारण या शब्दांची खरी गरज इथे होती. मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ११३. मालकाने जागा सोडायची नोटीस दिली, तिची मुदत संपली, आणि मग त्यानंतरचं भाडं मालकाने घेतलं, तर नोटीस सोडून दिली असं होऊ शकतं. कायद्याने हे स्वतःच उदाहरण म्हणून दिलंय. मग मालकाने भाडं घ्यायचंच नाही का? घ्यावं, पण पावतीवर लिहावं: अमुक तारखेच्या नोटिशीला आणि तिच्याखालच्या हक्कांना बाधा न येता स्वीकारलं. इथे ‘टू’ येतो, आणि ‘टू’ नंतर नोटिशीची तारीख येते. तुम्ही माथ्यावर दोन शब्द लिहिलेत आणि खाली ‘रिसीव्ड विथ थँक्स, रेंट फॉर द मंथ’. कशाला बाधा न येता? पावतीत नोटिशीचा उल्लेखसुद्धा नाही. ही पावती भाडेकरू आनंदाने कोर्टात हजर करेल.

आणि जिथे कायद्याला दुसराच शब्द हवा असतो तिथे ‘विदाऊट प्रिज्युडिस’ पुरत नाही, हेही आजच ऐका. भूसंपादन कायदा १८९४. जिल्हाधिकाऱ्याने ठरवलेली भरपाई शेतकऱ्याने घेतली, पण ती ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत राखून घेतली नाही, तर वाढीव भरपाईसाठी कलम १८ खाली कोर्टाकडे जायचा अर्ज त्याला करता येत नव्हता. कलम ३१ च्या परंतुकात हे स्वच्छ लिहिलं होतं. २०१३ च्या नव्या कायद्यातही ती अट राहिली. विचार करा, धरणासाठी, कालव्यासाठी, रस्त्यासाठी जमीन गेलेला माणूस. कचेरीत रांगेत उभा राहतो, कारकून बोट दाखवतो तिथे सही करतो, चेक घेतो. त्या सहीशेजारी हरकत राखून घेतल्याचे दोन शब्द लिहिले की नाही, यावर त्याची पुढची लढाई ठरते. त्याच्या शेजारी वकील म्हणून तुम्ही उभे असाल आणि सवयीने भलतंच लिहाल, तर त्याला उत्तर कोण देणार? कायद्याने जो शब्द मागितलाय तोच लिहा. आपल्याला आवडतो तो नव्हे.

चौथा मसुदा. पुरशिशीत ‘दावा विदाऊट प्रिज्युडिस काढून घेत आहोत’ असं लिहून सही. अमेरिकन मालिका पाहून हे आलंय, मला माहीत आहे. तिथल्या फेडरल कोर्टांत वादीने सुरुवातीलाच नोटीस देऊन दावा काढला, तर नियम ४१ प्रमाणे तो सहसा पुन्हा लावता येतो. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर २३, नियम १ आहे. पुन्हा दावा लावायचा असेल तर कोर्टाची परवानगी मागायची, कारण द्यायचं: दाव्यात तांत्रिक दोष आहे किंवा तसंच पुरेसं कारण आहे. परवानगी न घेता काढला, तर त्याच विषयावर त्याच प्रतिवादीवर नवा दावा नाही. तेव्हा लिहायचं ते ‘विथ लिबर्टी टू फाइल अ फ्रेश सूट’. त्यासाठी अर्ज द्यायचा आणि आदेशात ते शब्द आलेत का हे उठण्याआधी वाचायचं. न्यायाधीश स्वतः आदेशात ‘विदाऊट प्रिज्युडिस’ म्हणतात तेव्हा गोष्ट वेगळी. १९७८ मध्ये प्रताप राय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की एखादा आदेश असा रद्द केला तर गुणदोषांवर निर्णय झालेला नसतो, नव्याने कारवाई करता येते. ते अधिकार त्यांचे. वादीने स्वतःच्या कागदावर स्वतःला परवानगी द्यायची नसते.

राहिलं पाचवं, करारातलं कलम. इथे माथ्याचा प्रश्नच नाही, तरी तुम्ही माथ्यावर लिहिलंत, ते सोडून देते. मजकुरात लिहिलंय: ‘विदाऊट प्रिज्युडिस टू क्लॉज ७, वितरकाला करार संपवता येणार नाही.’ आणि कलम ७ काय म्हणतं? वितरकाला ९० दिवसांची सूचना देऊन करार संपवता येईल. मग कोणतं खरं? ‘विदाऊट प्रिज्युडिस टू’ म्हणजे ते कलम जसंच्या तसं राहू दे आणि हेही राहू दे. ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे ते काही म्हणो, हे वरचढ. ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे ते वरचढ, हे त्याच्या खाली. तिघांच्या तीन तऱ्हा आहेत. तुम्हाला दुसरी हवी होती आणि तुम्ही पहिली लिहिलीत. दोन कोटींच्या करारात ही चूक वकिलाचं नाव बुडवायला पुरेशी आहे.

हे किरकोळ वाटत असेल तर केशव तळपदे यांचं प्रकरण वाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिफेन्स ऑफ इंडिया अॅक्टच्या नियम २६ खाली सरकार माणसांना खटल्याशिवाय डांबत होतं. तळपदे मुंबई हायकोर्टातून फेडरल कोर्टात गेले. कायद्याच्या कलम २ च्या पहिल्या पोटकलमात नियम करायचा सर्वसाधारण अधिकार होता, दुसऱ्यात विषयांची यादी. यादीत ज्यांच्यावर वाजवी संशय आहे अशांच्या स्थानबद्धतेचा विषय होता, पण नियमाने सरकारची खात्री झाली एवढंच पुरे केलं होतं. एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने सांगितलं, नियम यादीच्या पलीकडे जातो, म्हणून तो अवैध. सरकार हादरलं आणि काही दिवसांतच अध्यादेश काढून कायदा दुरुस्त केला. पुढे १९४५ मध्ये सिबनाथ बॅनर्जी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने तळपदे निकाल चुकीचा ठरवला. कारण दुसऱ्या पोटकलमाची सुरुवात होती: पहिल्या पोटकलमाच्या अधिकाराच्या व्यापकतेला बाधा न येता. म्हणजे यादी फक्त नमुन्यादाखल, मूळ अधिकार तिने आक्रसत नाही.

कळलं का? माणसांना कोठडीत ठेवणारा नियम वैध की अवैध, हा प्रश्न या शब्दप्रयोगावर येऊन ठेपला. ज्याने तो मसुदा केला त्याला त्या शब्दांचं वजन ठाऊक होतं. निकाल मला आवडत नाही, आजही नाही. पण ते शब्द तिथे कुणी सहज टाकलेले नव्हते. आजही आपल्या जवळजवळ प्रत्येक कायद्याच्या शेवटी, नियम करायच्या कलमात, तीच शब्दयोजना दिसते, आणि ‘हे नियम यादीत बसत नाहीत’ असा युक्तिवाद करायला उठलेल्या वकिलाला पहिलं उत्तर तिथूनच मिळतं. तुम्ही उद्या सरकारविरुद्ध उभे राहाल तेव्हा हे वाक्य तुमच्या वाटेत येणार आहे. तेव्हा ते पहिल्यांदा वाचत असाल तर अशिलाचं काय होईल?

पाचही मसुदे पुढच्या तासाला पुन्हा लिहून आणायचे. डाव्या समासात प्रत्येक कागदासाठी तीन गोष्टी: हा कागद कोर्टात दाखवायचा आहे की नाही, यात कोणता हक्क राखायचा आहे, आणि तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात आहे. एका ओळीत, मराठीत चालेल. पाचांपैकी एकाच कागदाच्या माथ्यावर ते दोन शब्द यायला हवेत, पावतीच्या पोटात ते कसे येतात आणि करारातल्या कलमात ते यायला हवेत की नाहीत, ते तपासायचं. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेलं मला ओळखू येतं. पुरशिशीसोबत परवानगीचा अर्जही जोडायचा, कारणासकट. ज्यांच्या ऑफिसात सगळ्या पत्रांवर हे शब्द असतात, त्यांनी सरांना आदराने विचारायचं की का असतात, आणि उत्तर काय मिळालं ते मला येऊन सांगायचं. आता पेन घ्या. कलम २१ कोण वाचून दाखवतंय?